आधी पिण्याचे

१९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने पहिला मान पिण्याच्या पाण्याला दिला. कोणाच्या पिण्याच्या, हा तपशील बहुधा पुढच्या बैठकीसाठी ठेवला. तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. पाणी तत्त्वाला जागून मुंबईला जाते. तानसा तर १८९२ पासून जागतेय. इकडे कसाऱ्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटी-वाटीने हंडा भरतात. साहेब समजावतात, "बाई, पाणी उताराकडे धावतं, तुमचा पाडा पडला चढावर." न्यूटनपुढे ग्रामसभा काय करणार? टँकर तेवढा चढ चढतो. त्याला बिल असते. आणि हो, घाटमाथ्यावर इगतपुरीत भावली धरण आहे. तिथून कसारा उतारावरच. पण त्या उतारावरून वर्षानुवर्षे फायलीच धावल्या.