काब्र?

आमच्या शाळेत एकच तापमापी आहे आणि तिचा कायमचा पत्ता डेडस्टॉक रजिस्टर, अनुक्रमांक १७. एरंडोल तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत मी हजर झाले, तेव्हा चार्ज देणाऱ्या गुरुजींनी ती मला कापसातून उलगडून दाखवली. बारशाला आलेल्या बायकांना बाळ दाखवावं, तशी. "मॅडम, अकरा वर्षं सांभाळली. एक ओरखडा नाही बघा." मी विचारलं, मुलांनी पाहिलीय का? गुरुजींचा चेहरा असा झाला, जसं काही मी ते बाळ विहिरीत पोहायला नेऊ का म्हणून विचारलं. "फुटली म्हणजे वसुली आपल्या पगारातून," ते म्हणाले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. पुढची दोन वर्षं मीही त्या घराण्याचं नाव राखलं.

म्हणजे विज्ञान मी शिकवत नव्हते असं नाही. 'परिसर अभ्यास'मधला प्रत्येक प्रयोग मी फळ्यावर करायचे. ताटलीतली मेणबत्ती, तिच्यावर पालथा ग्लास, ग्लासात चढलेलं पाणी, सगळं खडूनं. खडूचा प्रयोग कधी फसत नाही. मेणबत्ती मी डस्टर फिरवला की विझायची, आणि निष्कर्ष तासाच्या घंटेआधी मिळायचा.

माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. घरात अहिराणी चालायची ती आजीच्या खोलीपुरती. 'शे' म्हणणाऱ्या मुलीला नोकरी लागत नाही, असा वडिलांचा ठाम समज. त्यामुळे डी.एड. होईपर्यंत मी 'शे'ची 'आहे' झाले, आणि इतकी झाले की मुलाखतीत साहेबांनी विचारलं, पुण्याच्या का तुम्ही? वडील त्या दिवशी पेढे वाटत फिरले. लग्न झालं रावेरकडे, तिथे लेवा बोली, म्हणजे पुन्हा पहिलीत प्रवेश. आणि नोकरी लागली ती अशा गावात, जिथे चौथीच्या वर्गात बावीस मुलं आणि बावीसच्या बावीस माझ्या आजीसारखी बोलणारी. धुळ्याची शेवभाजी आणि जळगावचं भरीत यांच्या हद्दीवर मी अशी शुद्ध मराठी घेऊन उभी.

या मुलांचा एक शब्द होता: काब्र. अर्थ 'का', पण 'का'मध्ये ती ताकद नाही. 'का' विचारणारा दारात उभा असतो, चप्पल पायातच. काब्र विचारणारा आत येऊन पाटावर बसतो आणि जेवल्याशिवाय उठत नाही. लहानपणी मीही आजीला दिवसाला पन्नास काब्र विचारायचे. आजीकडे उत्तर नसलं की ती पाठीत धपाटा घालायची. माझ्याकडे धपाट्याऐवजी जोडाक्षरं होती. माठातलं पाणी थंड का होतं? बाष्पीभवन. वहीत लिहा. बावीस मुलं 'बाष्पीभवन' लिहायला लागली की वर्गात पंधरा मिनिटं शांतता असायची. हा शब्द ज्यानं कोणी घडवला, त्याच्या घरात लहान मुलं नक्कीच असणार.

पहिली ठेच वांग्यानं लागली. तरंगणं-बुडणं शिकवायचं होतं आणि त्या दिवशी खडू संपले होते. बादली ग्रामपंचायतीची, म्हणजे डेडस्टॉकची भीती नाही. मुलांना म्हटलं, घरून काहीही आणा. जळगाव जिल्ह्यात 'काहीही आणा' म्हटलं की काय येतं ते मी ओळखायला हवं होतं. केळी आली, बटाटे आले, खडे आले, एकानं आजोबांचा अडकित्ता आणला, आणि भरताची पांढुरकी हिरवी वांगी तर इतकी आली की लग्नाची पंगत उठावी. आधी अंदाज, मग प्रयोग, असं मी ठरवलं. वर्गाचा एकमुखी अंदाज: जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. मीही मनातून तिकडेच होते. अर्धा किलोचं वांगं टाकलं, ते बादलीत बदकासारखं बसलं. बोराएवढा खडा टाकला, तो सरळ तळाला.

वर्ग गप्प झाला आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हैस काब्र नही बुडस?"

हे खरंच होतं. गिरणेच्या डोहात म्हशी दुपारभर तरंगतात, आणि म्हैस काही वांग्याएवढी नसते. मी आर्किमिडीज आठवायला लागले. तेवढ्यात दुसऱ्यानं व्यवहार्य सूचना केली: म्हैस इथं आणता येईल, फक्त बादली मोठी लागेल. मग माझ्या लक्षात आलं, की नुसतं वजन नाही, वजन आणि ऐसपैसपणा दोन्ही बघायचे. वस्तू जेवढी जागा अडवते तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा ती जड की हलकी, एवढाच हिशेब. वांग्याच्या आतला गर स्पंजासारखा, हवेनं भरलेला. हे सांगायला मला पाऊण तास लागला, कारण पहिल्यांदाच मला ते समजावं लागलं. नंतर संत्रं सोलून टाकलं. सालीसकट तरंगणारं संत्रं साल काढल्यावर बुडालं, तेव्हा अडकित्तेवाला पोरगा म्हणाला, त्याचं जाकीट काढलं ना मॅडम. सालीतली हवा हे लाइफ जॅकेटच. मी त्याला शाबासकी दिली आणि हे वाक्य आपल्याला का सुचलं नाही म्हणून दिवसभर खंत केली.

प्रयोगाचं साहित्य खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी ताब्यात घेतलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायच्या आधी त्यांनी प्रत्येकाला सुरीनं टोचे मारले. काब्र? कारण आत पाण्याची वाफ होते, तिला वाट नाही मिळाली तर वांगं फाटकन फुटतं. एका शहाण्यानं एक वांगं बिनटोच्याचं ठेवलं होतं. ते फुटलं तेव्हा ताईंच्या पदरापासून शाळेच्या 'ज्ञानमंदिर'मधल्या 'ज्ञा'पर्यंत विज्ञान पसरलं. बाकीचं बडगीत ठेचून, वर कांद्याची पात घालून संपलं. इतका चविष्ट निष्कर्ष मी तोवर काढला नव्हता.

इतकं होऊनही मी सुधारले नाही. कारण पुढच्या मार्चमध्ये साहेब तपासणीला येणार असल्याची बातमी आली.

साहेब येणार म्हटल्यावर शाळेत जे होतं ते झालं. झाडांच्या खोडांना गेरू-चुना, भिंतींना सुविचार, आणि कोपऱ्यात नव्या कोऱ्या माठाला मी स्वतः, रविवारी, स्वतःच्या पैशाचा निळा ऑइलपेंट. दोन हात दिले. वर पांढऱ्या अक्षरात 'पाणी हेच जीवन', बाजूनं वारली बायका फेर धरून. माठ असा दिसत होता, की त्यात पाणी भरायला जीव होईना. पण मार्च संपत आला, सकाळची शाळा सुरू झाली, पारा बेचाळिसावर गेला आणि मुलं रोज तक्रार करायला लागली. एक दिवस ती आलीच:

"मॅडम, नवा माठनं पानी गरम काब्र लागस?"

मी सवयीनं म्हटलं, "बाष्पीभवन." वह्या उघडल्या. आणि लिहिता लिहिता माझाच खडू थांबला. बाष्पीभवनानं पाणी थंड होतं ना? मग हे गरम कसं? हा शब्द दोन्ही प्रश्नांना चालतो म्हणजे नक्की कशाचं उत्तर आहे?

कुंभारवाड्यातली एक मुलगी पुढच्या बाकावर बसते. वर्षभरात ती वर्गात चार वाक्यं बोलली असेल. ती उभी राहिली. "मन्हा आबा सांगस, माठले घाम येवाले जोयजे."

मग तिनं सगळं सांगितलं. आबा मातीत वाळू, राख, लीद कालवतात. भट्टीत लीद जळून जाते आणि माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, माठ बाहेरून ओला होतो, ओल वाऱ्यावर उडते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. आपल्याला घाम आल्यावर पंख्याखाली गार वाटतं, तसंच. शेवटी ती हळूच म्हणाली, रंगानं भोकं बुजली. वर्गातल्या बावीस नजरा वारली बायकांवर गेल्या, मग माझ्यावर. त्या माठाला घामच फुटू शकत नव्हता. मला मात्र फुटला होता.

त्या शनिवारी मी रावेरला गेले आणि सासऱ्यांना हे सांगितलं. नाना निवृत्त शिक्षक. ते हसून म्हणाले, "यात नवं काय? आमच्याकडे १९३६ साली फैजपूरला काँग्रेस आली आणि १९७६ साली खिरोद्याला विज्ञान आलं. मधली चाळीस वर्षं केळी." मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. केंद्र नवं असतानाच व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी काम करायला आले ते थेट आमच्या रावेर तालुक्यात, खिरोद्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत. स्वस्तातल्या वस्तूंचे प्रयोग घेऊन आले, आणि इथं त्यांच्या ध्यानात आलं, की पोरं अडतात ती विज्ञानाला कमी आणि पुस्तकाच्या भाषेला जास्त. मग त्यांनी भाषा सोपी करण्यावरच काम केलं. अणुसंशोधनवाल्यांना केळीच्या बागांत येऊन जे सापडलं, ते मला त्याच जिल्ह्यात नांदून, दोन्ही बोली कानांवर पडूनही सापडलं नव्हतं. "तुला नाही सापडणार," नाना म्हणाले, "तू पुण्याची ना."

सोमवारी मी अनुक्रमांक १७ बाहेर काढला.

मुलं रांगेनं दर्शन घेऊन गेली. मग एक माठ रंगवलेला, एक आबांकडून आणलेला साधा, दोन्ही एकाच सावलीत, दोन्हींत सारखंच पाणी. दर तासाला एकानं तापमापी बुडवायची, दुसऱ्यानं आकडा वाचायचा, तिसऱ्यानं लिहायचा आणि चौथ्यानं ती फुटू नये म्हणून खाली ओंजळ धरायची. चौथी मी. अकरा वाजता निळ्या माठात ३५ अंश, साध्यात २७. पोरांनी असा जल्लोष केला, की शेजारच्या दुकानदाराला वाटलं क्रिकेटमध्ये काहीतरी झालं. मी घरून वाचून आले होते, की एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत नेतं. म्हणजे घर सोडताना पंखा, बल्ब आणि खिळेसुद्धा काढून नेणारा भाडेकरू. अडकित्तेवाल्यानं लगेच विचारलं, मग मुंबईच्या मावशीकडे माठ असूनही पाणी गार काब्र लागत नाही? याचं उत्तर मला देता आलं: तिथली हवा आधीच ओली, तिच्यात आणखी पाण्याला जागा कुठली. खानदेशाची हवा मात्र कोरडी ठाक, मिळेल तेवढी ओल पिते. आपल्या उन्हाळ्याचा कुणाला तरी उपयोग होतो, हे ऐकून वर्ग सुखावला.

नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा यांची गोष्टही मी सांगितली. हेही शिक्षक, घराणं माठ घडवणाऱ्यांचं. एका माठात दुसरा माठ, मध्ये ओली वाळू, एवढ्यावर त्यांनी विजेशिवाय भाजी टिकवणारा फ्रीज केला आणि २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. कुंभाराची मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यासना माठले रंग व्हता का?"

आता बावीसजणांना सगळंच मोजायचं होतं. सावलीही. वर्षातून दोनदा भरदुपारी आपली सावली पायाखाली गडप होते, असं मी सांगून बसले. जळगाव-धुळ्याला हे दोन दिवस येतात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी आभाळाला. सूर्यानं हे वेळापत्रक कुणाला विचारून केलं, असा पत्रव्यवहार करावा असं मला एकदा वाटून गेलं.

साहेब आले एप्रिलमध्ये. आले आणि लाइट गेली. साहेब खुर्चीत, कॉलरच्या आत रुमाल, हातात फाइलचा पंखा. माठ पाहून त्यांचा चेहरा खुलला. "वा मॅडम! याचा फोटो काढा." फोटो झाला. मग त्यांनी पाणी मागितलं. पोरांनी निळ्या माठाला वळसा घालून मागच्या साध्या माठातलं आणून दिलं. साहेब दोन तांबे प्यायले आणि म्हणाले, बघा, सुशोभित माठाचं पाणी कसं गार असतं. मी काही बोलले नाही. माझी बदली त्या वर्षी व्हायची होती.

मग साहेबांनी वर्गाकडे मोर्चा वळवला. "बाष्पीभवन म्हणजे काय? कोण सांगेल?"

कोणी हात वर केला नाही. बावीस चेहरे अगदी कोरे. बरोबरच होतं, तो शब्द आम्ही एप्रिलभर वापरलाच नव्हता. मी मागून म्हटलं, साहेब, माठाला घाम का येतो ते विचारा ना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पुण्याची झाले आणि गप्प बसले. साहेबांनी शेरेपुस्तक ओढलं आणि लिहायला लागले: 'शालेय परिसर स्वच्छ. माठाची सजावट अनुकरणीय. विद्यार्थ्यांना बाष्पीभवनाची संकल्पना स्पष्ट नाही.' लिहिता लिहिता कपाळावरून एक थेंब निसटला आणि 'स्पष्ट'वर पडला. शाई फुटली. तेवढ्यात लाइट आली, पंखा फिरला, साहेबांनी डोळे मिटून मान मागं टाकली आणि "हाऽऽ" म्हणाले.

कुंभाराच्या मुलीनं माझा पदर ओढला. मी खाली वाकले.

"मॅडम," ती कानात म्हणाली, "साहेबनं बाष्पीभवन व्हई राह्यनं."