भीक घ्या, पण कुत्रं मागू नका

मार्च एंड म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. त्या आठवड्यात सरकारी कचेरीत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, वर्षभर पडून राहिलेल्या फायलींना पाय फुटतात आणि नुकताच झालेला रस्ता पुन्हा एकदा होतो. कॅनडाचं आर्थिक वर्षही 31 मार्चलाच संपतं. आपल्याकडे त्या दिवशी पैसे संपवायची घाई असते. तिकडे काही पोलीस ठाण्यांचे पैसेच त्या दिवशी संपतात.

2023 साली ऑन्टारिओ प्रांतात तसंच झालं. ट्रीटी थ्री पोलीस, अनिशिनाबेक पोलीस सर्व्हिस आणि यूसीसीएम अनिश्नाबे पोलीस ही मूलनिवासी समाजांची स्वतःची तीन पोलीस दलं. त्यांच्या भरवशावर 45 वस्त्या आणि सुमारे 30 हजार माणसं. सरकारशी असलेला त्यांचा निधीचा करार 31 मार्चला संपला. नवा समोर तयार होता, पण त्यातल्या अटींवर सही करायला दलांनी नकार दिला आणि मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली. मग 1 एप्रिल उजाडला. अपघात, घरफोड्या, हरवलेली माणसं हे सगळं नेहमीप्रमाणे वेळेवर हजर होतं. निधी तेवढा गैरहजर. तारीख पाहून कोणाला ही थट्टा वाटली असेल तर त्याचा दोष नाही.

आमच्या शेजारी एक भाऊसाहेब राहतात. जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर इतरांच्या बिलांवर ऑब्जेक्शन काढलेला माणूस. त्यामुळे असल्या बाबतीत त्यांचं मत मी प्रमाण मानतो. ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारच्या, अटी त्यांना वाचून दाखवल्या.

पहिली अट अशी, की या पैशातून श्वानपथक ठेवायचं नाही. सशस्त्र तातडीचं पथक नाही, न्यायवैद्यक तपासाची सोयही नाही. गणवेश घाला, गाडी फिरवा, पण खून झाला, कोणी बंदूक घेऊन घरात कोंडून बसला किंवा पोर जंगलात हरवलं, तर बाहेरच्या पोलिसांना फोन करा आणि त्यांची वाट बघा. आपल्याकडे दारात उभा राहिलेला माणूस म्हणतो, भीक नको पण कुत्रं आवर. ओटावाच्या दारात मालकच बजावतो: भीक घ्या, पण कुत्रं मागू नका.

दुसरी अट घराची. ठाण्यासाठी कर्ज काढून इमारत घेतलीत, तर त्या कर्जाचं व्याज या पैशातून भरता येणार नाही. तीस वर्षं पोलीस दल चालवा, पण राहा भाडेकरूसारखे.

भाऊसाहेब इथपर्यंत नुसती मान डोलवत होते. व्याज नामंजूर करण्यात त्यांना काही नवल वाटलं नाही. तिसऱ्या अटीला मात्र ते चहाचा कप खाली ठेवून सरळ बसले. ती अट म्हणते, की या कराराच्या वाटाघाटींसाठी, किंवा करारावरून वाद झालाच तर त्यासाठी, या पैशातून वकिलाची फी द्यायची नाही. समोर बसणारे केंद्राचे आणि प्रांताचे वकील अर्थातच सरकारी पगारावर येतात.

"हे आम्हाला कधी सुचलं नाही हो," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात निखळ व्यावसायिक हेवा होता. "आम्ही फार तर बिल परत पाठवायचो. पण बिल परत का पाठवलं हे विचारायला येणाऱ्याचं एसटीचं भाडंही आधीच नामंजूर करून ठेवायचं, म्हणजे कमाल आहे!"

फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती डेनिस गास्कों यांना या कलेचं तितकं कौतुक वाटलं नाही. 30 जून 2023 रोजी त्यांनी आदेश दिला, की तिन्ही दलांना पुढचे बारा महिने पैसे द्या आणि या अटी तूर्त बाजूला ठेवा. तोवर एप्रिल, मे, जून सरले होते.

ही सगळी व्यवस्था आली कुठून? 1990 च्या उन्हाळ्यात क्युबेक प्रांतातल्या ओका गावाला आपलं नऊ होलचं गोल्फ मैदान अठरा होलचं करायचं होतं. वाटेत मोहॉक लोकांचं पाइनचं बन होतं आणि त्यांची दफनभूमी होती. मोहॉक आडवे उभे राहिले. प्रांतिक पोलीस घुसले, गोळीबारात एक पोलीस मेला, मग लष्कर आलं. 78 दिवस हे चाललं. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, सरकारने फर्स्ट नेशन्स म्हटल्या जाणाऱ्या मूलनिवासी समाजांसाठी पोलीस धोरण जाहीर केलं. मूलनिवासींच्या वस्तीत त्यांना समजून घेणारे, शक्यतो त्यांच्यातलेच पोलीस असावेत, हा शहाणपणा त्यात होता. नऊ होलांच्या मानाने हा सौदा महाग म्हणायचा, पण शहाणपण स्वस्तात कुठे मिळतं?

खर्चाची वाटणी ठरली: 52 टक्के केंद्राचे, 48 टक्के प्रांताचे. करार त्रिपक्षीय. तिसरा पक्ष फर्स्ट नेशन. पूजेला यजमान बसतो तसा तो बसलेला असतो. मंत्र दोन्ही गुरुजी म्हणतात, रक्कम ते ठरवतात, मुदत ते ठरवतात. याने सांगितल्या जागी मम म्हणून पाणी सोडायचं.

शिवाय हे सगळं योजना म्हणून. टोरांटोच्या पोलीस आयुक्ताला मार्चमध्ये कोणी विचारत नाही, की साहेब, एप्रिलात तुम्ही आहात ना? शहराला पोलीस असणं कायद्याने बांधलेलं आहे. मूलनिवासींची दलं मात्र अनुदानाच्या योजनेवर जगतात, आणि योजनेच्या कागदावर हा पैसा प्रांताच्या मूळ पोलीस सेवेत घातलेली भर आहे. जिथे मूळच पोहोचत नाही तिथे भर कशात घालायची, याचा खुलासा फायलीत नाही. ही सेवा कायद्याने अत्यावश्यक ठरवू, असं वचन जस्टिन ट्रूडो सरकारने 2019 मध्ये दिलं. 2024 संपेपर्यंत ते विधेयक संसदेत आलं नव्हतं. अत्यावश्यक असल्यामुळे काळजीपूर्वक चाललं असावं.

थट्टा थोडी थांबवतो. ऑन्टारिओच्या उत्तरेला, जेम्स उपसागराजवळ काशेचेवान नावाची वस्ती आहे. तिथे याच योजनेवर चालणाऱ्या निश्नावबे अस्की पोलीस सर्व्हिसचं ठाणं होतं. जानेवारी 2006 मध्ये कोठडीला आग लागली. आत दोन तरुण होते. छताला पाण्याचे फवारे नव्हते. पोलिसांनी कोठडी उघडायची धडपड केली, उघडली नाही. दोघेही आतच गेले. 2009 मध्ये चौकशी झाली आणि ज्युरीने 86 शिफारशी केल्या. शहरात इमारतीला अग्निशमनाची सोय नसेल तर हॉटेलवाल्यालाही परवाना मिळत नाही. इथे सरकारी पैशावर चालणारी कोठडी होती. भाऊसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी काहीच शेरा मारला नाही.

आता क्युबेक. हा भाग मी आवडीने सांगतो, कारण यात पैशांचा हिशेब सेंटपर्यंत आहे.

लाक सँ-झाँ सरोवराच्या काठी मॅश्तेउयात्श ही इन्नू लोकांची वस्ती आहे. 1996 पासून त्यांचं स्वतःचं पोलीस दल. करारातली रक्कम दलाला पुरत नव्हती आणि दरवर्षी तूट येत होती. 2013 ते 2018 या वर्षांत ही तूट सुमारे 16 लाख डॉलरवर गेली. ती समाजाने दुसऱ्या कामांचे पैसे वळवून स्वतःच्या खिशातून भरली. प्रत्येक वेळी ते सांगत होते की पैसे पुरत नाहीत, आणि प्रत्येक वेळी त्यांना तोच कागद पुढे केला जात होता. सही नाही केली तर काय? दल बंद, आणि त्याजागी प्रांतिक पोलीस. त्यांचा अनुभव वस्तीने आधी घेतला होता, म्हणून तर स्वतःचं दल काढलं होतं. तेव्हा सही केली. पुन्हा केली. पुन्हा केली.

शेवटी समाज कोर्टात गेला. तिथे सरकारचं म्हणणं काय, तर तुम्हीच सही केली ना! रक्कम करारात लिहिलेली आहे, त्यापेक्षा जास्त खर्च तुमचा तुम्ही बघा. 2019 मध्ये पहिल्या कोर्टाला हे पटलं. बुडणाऱ्याने फळी पकडली, तर ती त्याने स्वखुशीने पकडली असाच अर्थ होतो की नाही? मध्येच जानेवारी 2022 मध्ये, वस्तीचे प्रमुख गिल्बर्ट डॉमिनिक यांच्या तक्रारीवर मानवाधिकार न्यायाधिकरणाने केंद्र सरकारला भेदभावासाठी जबाबदार धरलं. डिसेंबर 2022 मध्ये क्युबेकच्या अपील कोर्टानेही समाजाच्या बाजूने निकाल दिला आणि तुटीची रक्कम द्यायला सांगितली. केंद्राने आपला वाटा चुकता केला. क्युबेकने केला नाही. क्युबेकचा वाटा होता 7,67,745 डॉलर आणि 58 सेंट, आणि तो वाचवण्यासाठी प्रांत सर्वोच्च न्यायालयात गेला.

एका प्रांताने एका छोट्या वस्तीविरुद्ध, तीन कोर्टांत, सगळ्या सरकारी वकिलांसह, पावणेआठ लाखांसाठी. हे वाचताना आपल्याकडच्या काही खात्यांची आठवण येणं साहजिक आहे. शिपायाच्या वेतनवाढीचे चार पैसे द्यावे लागू नयेत म्हणून तीही दिल्लीपर्यंत जातात, आणि विमानाच्या तिकिटातच ते पैसे चारदा फिटले असते.

27 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल लागला. आठ विरुद्ध एक. न्यायमूर्ती निकोलस कासिरर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. वाटाघाटीला बसायचं आणि रकमेवर बोलायलाच नकार द्यायचा, याला सद्हेतूने केलेला व्यवहार म्हणत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. मूलनिवासींशी करार करताना सरकार राजमुकुटाच्या अब्रूने बांधलेलं असतं, आणि ती अब्रू कराराच्या आकड्यामागे लपवता येत नाही. क्युबेकने पैसे द्यावेत.

"58 सेंटसुद्धा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

58 सेंटसुद्धा.

"राउंड ऑफ करायला हवे होते," ते म्हणाले. "ऑडिटला सोपं जातं."

ऑडिटही झालंच आहे. मार्च 2024 मध्ये कॅनडाच्या महालेखापाल कॅरन होगन यांनी या योजनेचा अहवाल मांडला. घोडं कुठं पेंड खातंय हे बघायला त्या गेल्या, तर ते काही अंशी खरोखरच घोडदळाच्या तबेल्यात सापडलं. ज्या वस्त्यांचं स्वतःचं दल नाही, त्यांच्यासाठी या योजनेतून रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीसच्या खास जागा भरायच्या असतात. त्या जागांसाठी पैसे मिळत होते आणि आधीच्या पाच वर्षांत त्या पूर्ण भरल्या गेल्या नव्हत्या. पैसा हजर, पोलीस गैरहजर. ऑन्टारिओत पोलीस हजर होते आणि पैसा गैरहजर होता. दोन्ही फायली कधी एका टेबलावर आल्या असत्या तर काय झालं असतं, कोण जाणे.

पण खरी मेख पुढे आहे. 2022-23 मध्ये या योजनेचे 1 कोटी 30 लाख डॉलर खर्चच झाले नाहीत. पुढच्या वर्षाचं बघायला जावं, तर ऑक्टोबर 2023 मध्ये योजना चालवणाऱ्या केंद्रीय खात्याचा स्वतःचा अंदाज असा होता, की साडेचार कोटींहून जास्त डॉलर वाटायचे राहून जातील. तीन दलांना कोर्टाच्या आदेशाने पैसे मिळवावे लागले ते हेच वर्ष. कोणाला किती द्यायचं हे न्याय्य रीतीने ठरवण्याची पद्धतच खात्याकडे नव्हती. कुठला प्रांत आपले 48 टक्के द्यायला तयार आहे आणि कोणाला आधी किती मिळालं होतं, यावर गाडी चालली होती.

भाऊसाहेबांना साडेचार कोटींचा आकडा दोनदा सांगावा लागला. ग्रँट लॅप्स होणं हे त्यांच्या लेखी पाप आहे. नाक मुठीत धरून मागायला लावणं, त्रुटी काढणं, बिल तीनदा फिरवणं हे सगळं ठीक. पण मागणारा दारात उभा असताना 31 मार्चला पैसा परत पाठवायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

"मग खात्याने काय उत्तर दिलं?" त्यांनी विचारलं.

महालेखापालांच्या शिफारशी खात्याने मान्य केल्या आहेत. 2014 सालीही याच योजनेचं ऑडिट झालं होतं. त्या शिफारशीही मान्यच केल्या होत्या.