उपचार मोफत, रस्ता आपला

आजारी माणसानं घरी पडून राहावं, ही समजूत किती मागासलेली आहे ते आपल्याकडच्या डायलिसिसच्या रुग्णांनी दाखवून दिलं आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, अंगात रक्त कमी, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, आणि हा गृहस्थ आठवड्यातून तीनदा पहाटे उठून जिल्ह्याच्या गावी जातो. केंद्र 60 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 120, आठवड्याचे 360, वर्षाचे 18,720. सव्वादोन वर्षं तग धरली तर पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून वर थोडे किलोमीटर शिल्लक राहतात. एवढे दौरे जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यालाही झेपत नाहीत, आणि त्याला भत्ता मिळतो.

या बाबतीत वऱ्हाडातला खारपाणपट्टा विशेष भाग्यवान. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या किडनीच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. बातमी आली की पाण्याचे नमुने घेतले जातात, नमुने गेले की गाव पुन्हा तेच पाणी पितं, आणि काही काळानं पहाटेच्या गाडीला आणखी एक कायमचा प्रवासी मिळतो.

हा प्रवास बंद पडायची वेळ एकदा आली होती. 29 फेब्रुवारी 2016 रोजी अर्थसंकल्प मांडताना अरुण जेटली यांनी लोकसभेत डायलिसिसचा विषय काढला. देशात दरवर्षी 2.2 लाख नव्या रुग्णांची भर पडते, केंद्रं सुमारे 4,950 आणि तीही बहुतेक खासगी, मोठ्या शहरांतली, एका वेळचा खर्च 2,000 रुपये, असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले की वारंवारच्या लांबच्या प्रवासात कुटुंबाचे पैसे जातात आणि रोजगार बुडतो. अर्थमंत्र्यांना एसटी स्टँड दिसायला लागलं म्हटल्यावर प्रवासप्रेमींच्या पोटात गोळाच आला. पण राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला तो जिल्हा रुग्णालयासाठी, आणि जीव भांड्यात पडला. जिल्हा हे फार सोयीचं माप आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक केंद्र झालं की तक्ता पूर्ण भरतो. त्या जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला रुग्ण राहतो, हा त्याचा घरगुती प्रश्न.

पुढे काही उपजिल्हा रुग्णालयांतही यंत्रं पोचली हे मान्य केलं पाहिजे. मात्र यंत्र आलं म्हणजे डायलिसिस आलं असं नाही. त्याला आरओ प्लँट लागतो, न जाणारी वीज लागते, टेक्निशियन लागतो. यांतलं एक जरी मागे राहिलं तरी यंत्र आपल्या प्लास्टिकच्या वेष्टनात सुखरूप राहतं आणि सकाळची गाडी भरून जाते.

उपचार मात्र मोफत आहेत, यात शंका नको. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. बिलावर शून्य येतं. शून्य हा मोठा देखणा आकडा आहे, त्यात काहीही मावतं: सोबत जाणाऱ्या मुलाची आठवड्याला तीन दिवसांची मजुरी, स्टँडपासून दवाखान्यापर्यंतची रिक्षा, शेवटची गाडी चुकली तर रात्रीचा मुक्काम. एसटीनं डायलिसिसच्या रुग्णाला साध्या गाडीत तिकीट माफ केलं. रेल्वे डायलिसिससाठी जाणाऱ्याला आणि त्याच्या सोबत्याला शयनयान वर्गात 75 टक्के सवलत देते. सरकारनं प्रवास स्वस्त केला, कमी केला नाही. रोग्याला जे आवडतं त्याला हात लावायचा नाही, हे धोरण यातून स्वच्छ दिसतं.

त्या आवडीचा एक दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. पहाटे पाचला अर्धा कप चहा. अर्धाच, कारण लघवी होत नाही आणि प्यालेला प्रत्येक घोट अंगातच साठतो. दिवसभरात जेमतेम लिटरभर, त्यात चहा, वरण, ताक सगळं आलं. पिशवीत फाइल, आधार आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स, चादर, डबा. एप्रिलमध्ये अकोल्याकडचा पारा 44 वर असतो आणि गाडी अर्धा तास उशिरा असते. तहान लागणं हा या ठिकाणी रुग्णाचा बेशिस्तपणा समजला जातो. वजनकाट्यावर तो उघडकीस येतो.

"काका, साडेतीन किलो? एवढं काय प्यालात?"

"काही नाई भाऊ, यष्टीची वाट पाह्यली."

मग चार तास यंत्रावर. डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे शस्त्रक्रियेनं धमनीला जोडलेल्या शिरेत, दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. या चार तासांत मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं 120 लिटर शुद्ध पाणी यंत्रातून वाहून गटारात जातं. लिटरभर पाण्यावर दिवस काढणारा माणूस त्या धारेच्या आवाजाशेजारी कोरड्या जिभेनं पडून असतो, आणि त्याच्या गावात टँकर आठवड्यातून दोनदा येतो. साडेतीन किलो पाणी एका बैठकीत काढलं की पोटऱ्यांत पेटके येतात, बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा अवस्थेत एखाद्याला गादीवर झोपवून ठेवणं सोपं आहे. आपण त्याला अडीचची गाडी गाठायला लावतो.

गाडीत जागा नसते. वर दांडी धरायची तर फिस्टुलाच्या हाताला धक्का लागता कामा नये, म्हणून उजव्या हातानं दांडी, डावा छातीशी. अपंगांच्या सीटवर बसलेल्या तरुणाला त्यात काही व्यंग दिसत नाही, आणि तसं बाहेरून दिसतही नाही. घरी पोचल्यावर भेटायला पाहुणा बसलेला असतो. त्यानं आजारी माणसासाठी प्रेमानं दोन शहाळी आणि डझनभर केळी आणलेली असतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर, म्हणजे या माणसाचं हृदय थांबवायला उत्तम. पाहुणा बिचारा पाच किलोमीटरवरूनच आलेला असतो, म्हणून त्याला एवढं कळत नाही.

आता जीवनमानाविषयी. ते मोजायला अमेरिकेत तयार झालेली 36 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं यांत तुमच्या प्रकृतीमुळे अडचण येते का, असं तीत विचारलेलं आहे. आपल्या रुग्णाला याचं उत्तर देताना जराही संकोच वाटणार नाही. गोल्फमध्ये त्याला आजाराआधीही जेवढी अडचण होती तेवढीच आज आहे. पुढे आणखी एक प्रश्न: किडनीच्या आजारामुळे तुमच्या प्रवास करण्याच्या क्षमतेवर परिणाम झाला आहे का? झाला आहे तर! आजाराआधी तो वर्षातून एकदा आषाढीला पंढरपूरला आणि लग्नसराईत सासुरवाडीला जायचा. इथं आमच्या माणसाला पैकीच्या पैकी गुण पडायला हवेत.

परदेशी संशोधकांची मतं अर्थातच वेगळी. अनेक देशांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांवरचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रापर्यंत पोचायला पंधरा मिनिटांपर्यंत लागणाऱ्यांपेक्षा तासाहून जास्त लागणाऱ्यांत मृत्यूचा धोका 20 टक्क्यांनी अधिक आणि जीवनमान खालचं, असा त्याचा निष्कर्ष. पण ही मंडळी बहुतेक श्रीमंत देशांतली, गुळगुळीत रस्त्यांवरून जाणारी. त्यांची हाडं खिळखिळी व्हायची सवय मोडलेली. आपल्याकडे तासाच्या आत फक्त स्टँड गाठलं जातं, तेव्हा त्यांचे आकडे आपल्याला लागू करणं अशास्त्रीय ठरेल.

खरा धोका आहे तो पोटाच्या डायलिसिसचा. पोटात एक नळी कायमची बसवतात, दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढायची, असं दिवसातून साधारण चारदा, घरच्या घरी. महिन्यातून एखादी फेरी डॉक्टरकडे. हाँगकाँगनं 1985 पासून, तर थायलंडनं 2008 पासून सरकारी योजनेत हाच मार्ग आधी ठेवला; थायलंडनं 2022 मध्ये निवड रुग्णावर सोपवली. तिथे या पिशव्या टपाल खात्यानं घरपोच दिल्या. पोस्टमन रुग्णाच्या दारात! आपल्याकडेही 2019 मध्ये पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आहेत, आणि ती कुठल्याही कागदाप्रमाणे शांत पडून राहू शकतात. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे, पिशव्यांचा खर्चही खरा आहे. पण ज्यांना स्वच्छ कोपरा, साबण आणि दोन आठवड्यांचं शिक्षण दिलं तर जमेल, त्यांना न विचारताच 'गरिबाच्या घरात स्वच्छता राहत नाही' हे आपण ठरवून टाकलं, त्यामुळे पुढचा सगळा घोळ टळला.

एकदा मात्र या देशात भलताच पायंडा पडला होता. आणीबाणीतल्या कैदेनंतर जयप्रकाश नारायण यांना डायलिसिस लागलं. मुंबईत जसलोक रुग्णालयात उपचार झाले, आणि पुढे लोकांनी वर्गणी काढून यंत्र घेतलं, ते पाटण्याला त्यांच्या घरी बसवलं. यंत्र माणसाकडे नेलं! संपूर्ण क्रांतीच्या घोषणेपेक्षाही हे जास्त क्रांतिकारक होतं. ते पुन्हा घडणार नाही याची पुढच्या सगळ्याच सरकारांनी, पक्षभेद विसरून, काळजी घेतली आहे.

राहता राहिला खाड्यांचा प्रश्न. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला, तेव्हा तिघाचौघांनी मिळून काळी-पिवळी करायची, नाहीतर घरी बसायचं, एवढेच मार्ग होते. संप नसतानाही काही जण कमी पडतात. आधी आठवड्याला तीनचे दोन होतात, कारण सोयाबीनच्या काढणीत मुलाला दर वेळी सोबत जाता येत नाही. मग दोनाचा एक होतो. मग पायावर सूज येते, रात्री आडवं झालं की श्वास लागतो, आणि एका सोमवारी पहिल्या शिफ्टचा पाच नंबरचा बेड रिकामा राहतो. सिस्टर रजिस्टरमध्ये 'गैरहजर' लिहितात. बुधवारीही लिहितात. शुक्रवारी त्या प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला फोन करतात, "दादा, तुमचा नंबर लागला, सोमवारपासून या." तो सत्तर किलोमीटरवरून सातच्या आत हजर होतो. नवं यंत्र नाही, नवा तंत्रज्ञ नाही, पैशाचा खर्च नाही, आणि यादी एकानं कमी. आरोग्य खात्याच्या आढावा बैठकीत ही घट हिरव्या रंगात दाखवता येते.