दुःख आहे का घरात?

जरीपटका म्हणजे खरं तर मानाचं निशाण. पेशवाईत ते मिरवायला मैदान मारावं लागायचं. हल्ली टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोत फ्रीजजवळ उभं राहून साखरेवरून भांडलं तरी भागतं, आणि वर मुक्काम-जेवण फुकट. नागपूरच्या आमच्या जरीपटका वस्तीत ही सोय सगळ्यात आधी शेजारच्या कापडदुकानदाराच्या पोराला कळली.

पोरगा गातो बरा. त्यानं एका गाण्याच्या शोसाठी अर्ज भरायला घेतला. अर्जात ‘गाणं कुठं शिकलात’ याला एक ओळ, आणि ‘तुमचा संघर्ष’ याला अख्खं पान. पोरगा तिथंच अडकला. दुकान चालतं, घर तीन मजली, रविवारी दाल-पकवान. आयुष्यातला मोठा संघर्ष म्हणजे बारावीचं गणित. रात्री दहाला तो आमच्याकडे आला.

‘‘काकाजी, तुमच्या घरी काही दुःख-बिख आहे का?’’

जसा काही विरजण मागायला आला होता.

चूक त्याची नाही. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे 2019 मध्ये केबीसीत एक कोटी जिंकल्या. उत्तरं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं दिली, पण देशाच्या लक्षात राहिली ती शाळेत रांधलेली खिचडी आणि तिचे महिन्याचे 1,500 रुपये. त्यांना विचारलेला एक तरी प्रश्न सांगा बरं! त्याच वर्षी अमरावतीचा शिव ठाकरे ‘बिग बॉस मराठी’ जिंकला आणि त्यानं कधीकाळी टाकलेली वर्तमानपत्रं घरोघरी पुन्हा पोचली. विदर्भातून संत्र्यांखालोखाल बाहेर जाणारा माल म्हणजे संघर्ष! 2024 मध्ये तोच शो बारामतीकडचा सूरज चव्हाण जिंकला. त्याचं पोरकेपण महाराष्ट्राला त्याच्या कुठल्याही टास्कपेक्षा जास्त पाठ आहे.

आणि नुसतं गाऊन काय होतं? अभिजीत सावंतला 2005 मध्ये देशानं एसएमएस करकरून पहिला ‘इंडियन आयडॉल’ केला. एकोणीस वर्षांनी तोही त्याच ‘बिग बॉस मराठी’च्या घरात जाऊन बसला, आणि सूरजच्या मागं दुसरा आला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की अस्सल माल घरातच पडून आहे. अम्मा. पोराची आजी.

फाळणी झाली तेव्हा अम्मा नऊ-दहा वर्षांची. सिंधमधून निघताना सोबत एक पत्र्याची ट्रंक. मग छावणी. एका छपराखाली अनोळखी कुटुंबं, मध्ये साडीचा पडदा, पाण्यावरून रोज भांडणं, आणि बाहेर कधी पडणार ते कुणालाच ठाऊक नाही. हाच प्रकार 1999 मध्ये हॉलंडमध्ये कॅमेरे लावून ‘बिग ब्रदर’ या नावानं सुरू झाला आणि जगभर विकला गेला. अम्माच्या वेळी कॅमेरे नव्हते, म्हणून त्याला नुसती निर्वासितांची छावणी म्हणायचे.

शोची माणसं घरी आली. आल्या आल्या त्यांनी सोफा बाहेर काढला, फार सुखी दिसत होता. एसी भिंतीतून निघेना, म्हणून त्यावर दुकानातली एक चादर टाकली. ट्रंक मात्र त्यांना फार आवडली. ‘‘एकदम ऑथेंटिक आहे,’’ दिग्दर्शक म्हणाला. त्यात अम्मा पापड ठेवते.

‘‘अम्मा, घर सोडताना मनात काय आलं?’’

‘‘भूख लगी थी.’’

कट. पुन्हा विचारलं. पुन्हा भूकच.

‘‘जरा डोळ्यांत पाणी आलं असतं तर...’’

‘‘किस बात का? दुकान तो चल रहा है.’’

एका पोरीनं पर्समधून ग्लिसरीनची बाटली काढली. अम्मानं ती उलटसुलट करून पाहिली, किंमत वाचली आणि घाऊक भाव विचारला. तोवर मागं व्हायोलिन वाजवून बघणं झालं. अम्मानं आवाज कमी करायला सांगितला. मग ट्रंक उघडून सगळ्यांना पापड भाजून खायला घातले. दिग्दर्शकानं चार खाल्ले. त्याला म्हणे त्याची आजी आठवली. तिथं त्या दिवसभरात पहिल्यांदा कुणाचे तरी डोळे भरले. पण तेव्हा कॅमेरा बंद होता.

आठवड्यानं फोन आला. पोराचा आवाज छान आहे, पण ‘स्टोरी उभी राहत नाही’. पोरगा दोन दिवस जेवला नाही. बापानं समजूत काढली, की पुढच्या वर्षी हाच संघर्ष म्हणून लिहिता येईल.

अम्मा हिशेबाची वही घेऊन बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि एवढंच विचारलं, की ती एसीवरची चादर ते लोक घेऊन गेले, तिचे पैसे कोण देणार?