मारुतीच्या वाट्याची रुई

फुलपाखरू कोणाला नको असतं? पडद्यावर, चादरीवर, नातीच्या फ्रॉकवर, सगळीकडे ते हवंच असतं. त्याच्या बालपणाचं मात्र कोणी नाव काढत नाही. अळी दिसली की शेजारच्या काकूंचा हात आधी औषधाच्या पंपाकडे जातो आणि मग आमच्या बेलकडे.

कारण अळ्या आमच्या रुईवर असतात. मुद्दाम रुई लावणारा सोसायटीत मी एकटाच. "रुई उकिरड्यावर आपली आपण उगवते, ती लावत नाहीत," असं चेअरमननी मला समजावलं. एका आजोबांची शंका वेगळीच होती. पूर्वी तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचं आधी रुईशी लग्न लावत. तेव्हा माझा तसा काही विचार? सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या. मी घाईघाईने विषय प्लेन टायगरवर नेला.

हे केशरी फुलपाखरू रुईच्या पानावर, बहुधा मागच्या बाजूला, एकेक अंडं घालतं. पट्टेरी अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग जेवायला बसते. तरी थोडं विष पोटात जातंच. ते ती साठवते. पुढे त्या फुलपाखराला चोच लावणारा पक्षी ओकतो आणि धडा शिकतो. या दराऱ्यावर डॅनाइड एगफ्लायची मादी फुकटात मिरवते. वेश हुबेहूब तोच, पण लहानपणी खाल्लेली असते साधी घोळ! घोळीची भाजी खाऊन विषारी असल्याचा रुबाब करायला छाती लागते. तिच्या नवऱ्याला तेवढंही सुचलेलं नाही. तो काळ्या पंखांवर पांढरे ठिपके घेऊन जसा आहे तसा हिंडतो.

नर्सरीत 'हळदीकुंकू' मिळतं, तेही या अळ्यांना चालतं. पण ते मूळचं अमेरिकेचं. घरची रुई फुकट असताना पाहुणीवर पैसे का घालवा?

खरी पंचाईत शनिवारी. एरवी अपशकुनी ठरलेली रुई त्या पहाटे पवित्र होते आणि माळेसाठी कुंपणावरून हात आत येतात. तोडा बापडे, झाड पुन्हा फुटतं. चीक तेवढा डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि पान आधी उलटून बघा. ब्रह्मचारी देवाच्या गळ्यात कोणाची पोरं बांधू नका.