अठ्ठावीसशे रुपये

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर सकाळी आम्ही पाच जण बसतो आणि पाच जणांचे विमानतळ पाच आहेत. एक जण पुण्याचा कट्टर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे चार टोलनाके तो जपाच्या माळेसारखे म्हणतो आणि पाचव्या मण्याला लोहगाव येतं. दुसरा बेळगावचा, त्याच्या मते सांबऱ्याइतकं शांत विमानतळ भूतलावर नाही. तिसरा आताशा नवी मुंबईवर गेलाय. ते विमानतळ २०२५च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हापासून त्याचं एकच : रात्रीची ट्रॅव्हल्स धरायची, पहाटे पनवेलला उतरायचं. चौथा मात्र रोज वैतागतो, "अरं, उजळाईवाडीला दारात इमान उभं हाय, आणि तुम्ही कुठं गावं हिंडताय?"

पाचवा मी. माझं गोव्यातलं मोपा.

उजळाईवाडीवर माझा राग नाही, उलट अभिमानच आहे. आमच्या स्टेशनला शाहू महाराजांचं नाव. विमानतळ त्यांच्या चिरंजीवांनी, राजाराम महाराजांनी बांधलेला, तोही स्वातंत्र्याच्या आधी. म्हणजे रूळ वडिलांच्या नावावर आणि धावपट्टी मुलाच्या. २०२४च्या मार्चमध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, तीही गडकोटासारखी दिसणारी. घरापासून रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचतो. पण आम्हाला जायचं होतं दिल्लीला आणि तिथून पुढे मनालीला. उजळाईवाडीहून दिल्ली म्हणजे वाटेत हैदराबाद नाहीतर बंगळूर करा, तिथे विमान बदला आणि माणशी ३,२०० रुपये जादा मोजा. जाऊन-येऊनचा फरक हा. आम्ही दोघं, मुलगी आणि नातू : चार माणसं, १२,८०० रुपये.

हा फरक का पडतो, हे नातवाला मी खानावळीच्या भाषेत सांगितलं. मोपाला पावणेदोनशे-एकशेऐंशी पानांची पंगत बसते, एकामागून एक उठते, वाढपीही चार कंपन्यांचे. ताट स्वस्त पडणारच. आपल्याकडे येणारं विमान बऱ्याचदा सत्तर-पंचाहत्तर पानांचं. 'उडान' योजनेत सरकारने निम्म्या जागांना दर बांधून दिला होता, तासाभराच्या उड्डाणाला साधारण अडीच हजार, आणि कंपनीला पडणारी तूट भरून दिली, म्हणून तर अशा गावांत चूल पेटली. नातू म्हणाला, "पण आजोबा, विमानात जेवण विकत घ्यावं लागतं." उदाहरण तिथेच संपलं.

बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस तिकिटं काढताना हिशेब मांडतोच. मोपा इथून एकशेसाठ किलोमीटर. गाडी जाताना अडीच हजार, येताना अडीच हजार. १२,८०० मधून ५,००० गेले, शिल्लक ७,८००. मी खाली दोन रेघा ओढल्या आणि तिकिटं काढून टाकली, ती परत न करता येणारी, कारण तीही आणखी स्वस्त होती.

मग गाडीवाला आला. "सायेब, तुमाला सोडून मी येताना रिकामाच येणार की. दोन्हीकडचं धरायला लागतंय." आणायला येतानाही तो रिकामाच जाणार होता. म्हणजे पाच हजारांचे दहा हजार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कर्जप्रकरणांतल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या प्रकरणात रिकामी गाडी दिसली नाही. शिल्लक २,८००. वडापने जाऊ, असं मी सुचवून पाहिलं : गडहिंग्लजपर्यंत एक, आजऱ्यापर्यंत दुसरं... सौभाग्यवतींनी नुसतं बघितलं. मी विषय अठ्ठावीसशेवर मिटवला.

आमचे वडील जोतिबाला चैत्रात चालत जायचे. भक्ती होतीच, पण एसटीचं भाडं वाचायचं तेही होतं. वेळ जातो, असं कुणी म्हटलं तर आजी म्हणायची, "तुमच्या वेळेला काय सोनं लागलंय?" आमच्या घरात वेळेला भाव नव्हता. तेल, गूळ, कडबा, सगळ्याला भाव; वेळ मात्र विहिरीच्या पाण्यासारखा, पाहिजे तेवढा शेंदून घ्यावा. निवृत्त झाल्यावर तर माझी विहीर काठोकाठ भरली. अठ्ठावीसशे रुपयांसाठी एक रात्र म्हणजे फुकटच की, असा माझा सरळ हिशेब.

विमान सकाळी साडेसातचं. साडेपाचला मोपा, म्हणजे रात्री एकला घर सोडायचं. कागल, निपाणी, संकेश्वर झोपेत गेलं. गडहिंग्लज ओलांडल्यावर नातू उठला आणि दिल्ली आली का म्हणून विचारता झाला. आजऱ्याच्या पुढे रस्त्याच्या मधोमध गवा उभा. गाडीवाल्याने दिवे बारीक केले, इंजिन बंद केलं. "हॉर्न मारायचा न्हाई. त्याचं तो जाईल." गव्याला वेब चेक-इन ठाऊक नसतं. त्याने आमच्याकडे बघितलं, रवंथ केलं, पुन्हा बघितलं. बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो आणि मुलगी गव्याकडे. नातवाने तर पुढे मनालीत बर्फ बघितल्यावरही "पण गवा मोठा होता" असं सुनावलं. बर्फाचा खर्च लक्षात घेता मला ते जरा लागलं.

आंबोलीत धुकं. सावंतवाडीचा मोती तलाव अंधारात गेला. बांदा ओलांडून गोव्यात शिरलो आणि बरोबर पाच चाळीसला मोपाला उतरलो. आत गेल्यावर पाटीवर दिसलं : विमान अडीच तास उशिरा.

तिथे चार चहा घेतले. किती रुपयांचे, ते मी वहीत लिहिलंय, इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की अठ्ठावीसशेला पहिलं भोक तिथे पडलं. परतीच्या वाटेवर दिवसाउजेडी सावंतवाडीला लाकडी खेळणी घेतली, आजऱ्याला घनसाळ तांदूळ दहा किलो आणि काजू. उजळाईवाडीला उतरलो असतो तर हे काही झालं नसतं, हे खरं. पण हिशेबनीस इथेच कामाला येतो. तांदूळ 'घरखर्च' या सदरात घातला, खेळणी 'नातू' या सदरात, काजू 'सणवार'. 'प्रवास' सदरात बचत जवळजवळ शाबूत राहिली. जगात अनेक बचती याच पद्धतीने टिकून आहेत.

कट्ट्यावर मी हे आकडे वाचून दाखवले. चौथा म्हणाला, "आणि झोप?" मी म्हटलं, गाडीत झाली की. माझी झाली होतीच. मागच्या सीटवर मान टाकून मी निपाणीपासून गडहिंग्लजपर्यंत घोरलो होतो.

घरी येऊन वही कपाटात ठेवताना शेवटचं पान उघडं दिसलं. बारीक, गोल अक्षर माझं नव्हतं, बायकोचं होतं. मग आठवलं : त्या रात्री मी दहाला आडवा झालो, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा चालू होता. विमानतळावरचं महाग पडतं, असं मीच म्हणालो होतो. म्हणून दशम्या, तिळाची चटणी, नातवासाठी गुळपापडीच्या वड्या. ओटा पुसून, दुधाचा रतीब आणि कुंड्यांचं पाणी शेजारच्या काकूंना सांगून ती साडेबाराला बाहेर आली होती आणि एकला गाडीत बसली होती. वाटभर नातवाचं डोकं तिच्या मांडीवर होतं, त्यामुळे मान टाकायची सोयच नव्हती. आणि या दशम्याच होत्या, ज्यांच्यामुळे मोपाला आमचं नुसत्या चहावर भागलं.

'जमा'च्या बाजूला तिने काही लिहिलं नव्हतं. 'खर्च'च्या बाजूला एकच ओळ :

'झोप, एक रात्र. दर : विचारावा.'

पुढच्या मे महिन्यात केरळला जायचं चाललंय. मोपाची तिकिटं स्वस्त दिसतात. दर मी अजून विचारलेला नाही.