टेबलावरचा टोमॅटो

फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात मन लागेना. तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं, पीळ द्यायचं घड्याळ टेबलावर आणून ठेवलं. २५ मिनिटं मान खाली घालून काम, घंटी वाजली की ५ मिनिटं मोकळा. अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुटी. टोमॅटोवरून पद्धतीचं नाव पडलं पोमोदोरो.

ही पद्धत सरकारी कचेऱ्यांना शिकवा, अशी सूचना कोणी ना कोणी निवृत्त गृहस्थ अधूनमधून करत असतात. आम्हाला ती अन्यायाची वाटते. चिरिलोच्या पद्धतीतला अवघड भाग आपल्या तालुक्याच्या कचेरीला केव्हाच साधलेला आहे.

अवघड भाग म्हणजे व्यत्यय. फेरी मध्येच मोडली तर ती धरायचीच नाही, असा चिरिलोचा कडक नियम. मग कोणी आलंच तर काय करायचं? त्याने चार पायऱ्या सांगितल्यात. कामात आहे असं सांगा, घासाघीस करून मुदत मिळवा, पुढची वेळ ठरवा आणि ठरल्याप्रमाणे आपणहून संपर्क साधा.

आता काउंटरवर या. प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून एक काका वारस नोंदीचं विचारतायत.

"साहेब व्हीसीत आहेत, काका." पहिली पायरी.

"जरा समजून घ्या हो, माझ्याकडे तीन टेबलांचा चार्ज आहे." दुसरी.

"सोमवारी या. नाही, सोमवारी जिल्ह्याला मीटिंग. बुधवारी बघा." तिसरी.

चौथीसाठी काकांचा मोबाइल नंबर अर्जाच्या कोपऱ्यात लिहून घेतला जातो. तो आजही तिथेच आहे. व्यत्यय इतक्या सफाईने परतवणारा माणूस चिरिलोला इटलीत सापडला नसता. फक्त आत चाललेलं काम कोणतं, तेवढं विचारू नये.

टेबलामागच्या माणसाचीही बाजू आहे. चिरिलोची घंटी चिरिलोच लावायचा. इथे बेल साहेबांच्या हाताखाली असते आणि तिला २५ मिनिटं वगैरे ठाऊक नसतं. शिवाय वरून व्हॉट्सॲपवर "माहिती तात्काळ सादर करावी" येतं. कशासाठी हवी ते कळायच्या आत तीच माहिती नव्या नमुन्यात मागवली जाते. तीन टेबलांचा चार्ज ही थाप नसते, दोन खुर्च्या खरोखरच रिकाम्या असतात. काकांचा राग मात्र भरलेल्या खुर्चीलाच मिळतो.

वेळेच्या मापाचंही पाहा. दफ्तर दिरंगाईविरुद्ध आपल्याकडे २००५चा कायदा आहे. एका टेबलावर फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात लिहिलंय. करणाऱ्यांनी ती कमाल मर्यादा म्हणून लिहिली, टेबलावर ती किमान म्हणून वाचली जाते. सातव्या दिवशी फाईलवर "कृपया चर्चा करावी" असा शेरा पडतो, फाईल खालच्या टेबलावर उतरते आणि सात दिवस नव्याने सुरू होतात. चर्चा कोणी कोणाशी करायची, हे त्या शेऱ्यात नसतं.

मोठ्या सुटीची सोय तर आहेच. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाला, कार्यालयाची वेळ ९.४५ ते ६.१५ ठरली आणि जेवणाला १ ते २ या वेळेत जास्तीत जास्त अर्धा तास मिळाला. नियम तंतोतंत पाळला जातो. पहिल्या अर्ध्या तासात ज्याच्याकडे फाईल आहे तो जेवतो, दुसऱ्यात ज्याची सही हवी तो. काका दोन्ही अर्धे तास बाकावर.

तरीही उद्या टोमॅटो घ्यायचेच ठरले, तर पुढचं आम्ही आत्ताच सांगतो. तीन दरपत्रकं मागवली जातील. सर्वात कमी दरवाल्याकडे टोमॅटो शिल्लक नसल्याने कांद्याच्या आकाराची घड्याळं येतील, त्यावर खुलासा मागवला जाईल. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होईल. हरवलं तर वसुली पगारातून, म्हणून सगळी घड्याळं खोक्यासकट कपाटात कुलूपबंद राहतील. आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते निवडणुकीच्या ड्युटीवर असतील.